पाणी जातं, पण कुठून?

"डॉक्टरताई, सादर नमस्कार.

आम्ही सुदामानगरला राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या. माहेर ग्वाल्हेरचं, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य इंदुरातच गेलं. आठेक वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. दोन-तीन महिन्यांपासून मात्र त्या दिवसातून चार-चारदा न्हाणीघरात जातात, आपले कपडे स्वतःच धुतात, मला हात लावू देत नाहीत. फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'अंगावरून जातं गं.' त्यापुढे एक अक्षर नाही.

ह्यांना म्हटलं, आईंना दाखवून आणा. हे घेऊन गेले. मुलासमोर आई काय बोलणार? 'कमजोरी आहे' एवढंच म्हणाल्या. शेवटी ह्यांनीच सांगून टाकलं, 'इनके शरीर से पानी जाता है.' डॉक्टर भले आहेत, पण तरुण आणि हिंदीवाले. त्यांना वाटलं, फार घाम येतो. त्यांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट नॉर्मल आला. लॅबमधला मुलगा हसून म्हणाला, 'माताजी, थायरॉइड का स्राव एकदम ठीक है.' तेव्हापासून आईंचं एकच पालुपद: 'स्राव ठीक आहे म्हणाले ना? मग आता परत कशाला?'

त्यात माझी मुलगी अकरावीला, बायो घेतलेली. ती म्हणते स्राव वेगळा, उत्सर्जन वेगळं, डिस्चार्ज वेगळा. तिच्या हिंदी पुस्तकात एक शब्द, कोचिंगमध्ये इंग्रजी, पुण्याच्या आतेबहिणीने पाठवलेल्या मराठी पुस्तकात तिसराच. मला विचारते आणि मी गप्प. ह्या सगळ्याला बरोबर शब्द कोणता? आणि डॉक्टरांना काय म्हणून सांगायचं?

– एक सून, इंदूर"

सूनबाई, नमस्कार.

शब्दांचं मागाहून बघू. आधी ह्याच आठवड्यात सासूबाईंना एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे न्या. तुम्ही न्या. यजमानांनी गाडी चालवावी, पर्चा बनवून घ्यावा आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसावं. आत येऊ नये. त्यात त्यांचा काही अपमान नाही. बहात्तर वर्षांची आई मुलाच्या देखत हे बोलणार नाही, आणि बोलावं अशी अपेक्षा तरी का करायची?

तुमच्या पत्रात सुदामानगर आहे, ग्वाल्हेरचं माहेर आहे, लॅबमधल्या मुलाचं हसणंसुद्धा आहे. नाही तो फक्त रंग. मी सगळं पत्र तोच शोधत वाचलं. 'अंगावरून जाणं' हा आपल्या मराठीतला अर्धाच शब्द आहे. पांढरं जातं की लाल, हे पुढे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. सासूबाईंनी तो अर्धा ठेवला आणि तुम्हीही पुढे विचारलं नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतर अंगावरून लाल, गुलाबी किंवा तपकिरी असं काहीही गेलं, अगदी एक ठिपका, अगदी एकदाच, तरी ते तपासून घ्यायचंच असतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. थोड्या जणींत मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. घाबरवायला सांगत नाही. हा कर्करोग बहुधा लवकरच असा डाग दाखवतो, आणि वेळेवर सापडला तर बहुतेकींना शस्त्रक्रियेने आराम पडतो. डॉक्टर आतून सोनोग्राफी करतील आणि अस्तराची जाडी मोजतील. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर त्या बऱ्याच निश्चिंत होतात. जास्त भरली तर अस्तराचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात.

रंग कळायला एक करा. घरात जुनं पांढरं धोतर किंवा मलमलीचा तुकडा असेल, त्याच्या घड्या करून सासूबाईंना द्या. 'आई, आजचा दिवस हे वापरा, संध्याकाळी मला एकदा दाखवा, मग मी विचारणार नाही.' आपल्या बायका असल्या कामाला मुद्दाम गर्द रंगाचं जुनं पातळ फाडून घेतात. मरून नाहीतर बाटली-हिरव्या कापडावर तपकिरी डाग उमटतो आणि वाळून जातो, दिसतच नाही. घडी ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीशी न्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर डॉक्टरांपुढे निम्मं बोलणं वाचेल.

रंगाबरोबर वासही घ्या. कापडाला लघवीचा वास असेल तर प्रकरण निराळं. खोकताना, शिंकताना, बादली उचलताना थोडी लघवी सुटते, किंवा कळ येते आणि संडासापर्यंत पोचेस्तोवर दोन पावलं उशीर होतो. ह्या वयात हे फार जणींना होतं. त्यालाही बायका 'पाणी जातं' एवढंच म्हणतात. त्याचे व्यायाम वेगळे, औषधं वेगळी. दही फाटल्यासारख्या कवड्या पडत असतील आणि खाज असेल तर शुगर किती आहे ते आधी बघा. वर गेलेली शुगर बुरशीला आवतण देते. आणि नुसतंच पाणचट, पिवळट, जळजळ होणारं असेल तर ते बहुधा वयाचं.

हे वयाचं म्हणजे काय, ते थोडं खोलात सांगते, कारण तुमच्या शब्दांच्या प्रश्नाची सुरुवात इथेच होते. योनीच्या भिंतीत ग्रंथी नसतात. एकही नाही. तिथला ओलावा भिंतीमागच्या रक्तवाहिन्यांतून पाझरून येतो, माठाला बाहेरून पाणी सुटतं तसा. त्यात वरून गर्भाशयाच्या मुखाकडचा चिकट स्राव मिसळतो. म्हणजे मुख स्रवतं आणि भिंत पाझरते. डॉक्टरी भाषेत ह्या दोन क्रिया वेगळ्या धरतात, आपल्याकडेही दोन क्रियापदं आहेतच. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, भिंतीचं रक्त कमी होतं, ती कागदासारखी पातळ पडते. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद तिथे राहून आंबटपणा टिकवत असतात, तेही उठून जातात. मग जंतू येतात, आग होते, कुठे कुठे खरचटून तांबूस डाग पडतो. ह्यावर लावायचं मलम असतं, चांगला उपयोग होतो. पण 'वयाचंच असेल' हे ठरवायचं डॉक्टरांनी, तपासून. तुम्ही-आम्ही नाही.

जाण्याआधी सासूबाईंना आणखी थोडं विचारून ठेवा. पाळी कधी गेली, पिशवी काढलेली आहे का, अंग बाहेर येतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. आणि कॉपर-टी. हसू नका. तरुणपणी बसवलेली आणि मग सगळेच विसरून गेलेले, असं होतं. तोवर जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुणं नको, केमिस्टकडून 'सफेद पानी की दवा' आणणंही नको.

आता त्या तरुण डॉक्टरांविषयी. मी त्यांना दोष देणार नाही. 'शरीर से पानी जाता है' ह्यावर कोणीही घामच धरेल, आणि थायरॉईड जोरात चालत असेल तर घाम फुटतोच. वाट बरोबर होती, पत्ता चुकीचा दिला होता. 'अंगावरून' ह्यातलं अंग म्हणजे कोणतं अंग, हे मराठी बाईला कळतं. हिंदीत त्याचं 'शरीर' झालं की सगळंच अंग आलं. तिथे 'सफेद पानी' म्हणायचं, इंदुरातल्या कुठल्याही दवाखान्यात कळतं. आपल्या जुन्या बायका धुपणी म्हणायच्या, वैद्य श्वेतप्रदर म्हणतात.

घोळ खरा लॅबमधल्या मुलाने केला, तोही प्रेमापोटी. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी आपला माल थेट रक्तात सोडते. तिला नळी नाही, तोंड नाही, तिचं काही बाहेर येत नाही, कपड्याला लागत नाही. रिपोर्टातला आकडा त्या आतल्या स्रावाविषयी होता. सासूबाईंना मात्र वाटलं की आपल्या कपड्याला लागतं तेच मशीनने तपासलं आणि ठीक निघालं. एकाच शब्दाने बिचाऱ्या निर्धास्त झाल्या. त्यांना इतकंच सांगा: 'आई, त्यांनी गळ्याचं तपासलं. खालचं कोणी बघितलेलंच नाही.'

इथून पुढचं तुमच्या लेकीसाठी, पण तुम्हीही वाचा.

शरीरातून काहीही सुटतं तेव्हा मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावायची. कुठून सुटलं? कुठे गेलं? शरीराला ते हवं होतं की नको होतं? पेशींनी कामासाठी बनवून सोडलं तर तो स्राव. नको झालेलं रक्तातून गाळून बाहेर टाकलं तर ते उत्सर्जन. स्राव नळीवाटे एखाद्या पोकळीत किंवा कातडीवर आला तर ग्रंथी बहिःस्रावी, नळीशिवाय रक्तात उतरला तर अंतःस्रावी. हे दोन शब्द हिंदी-मराठीत सारखेच आहेत, तेवढी सोय.

बाकी ठिकाणी सोय नाही. स्वादुपिंडच घ्या. हिंदी पुस्तकात त्याला अग्न्याशय म्हणतात. मूत्रपिंडाला वृक्क, आणि हेच वृक्क बाहेर बाजारात गुर्दा होतं. मराठीत संप्रेरक, हिंदीत सरळ हार्मोन. मराठीत विकर, हिंदीत एंजाइम. लेकीला म्हणावं वहीच्या पानावर तीन रकाने आखून घे आणि परीक्षा ज्या भाषेत द्यायची तो रकाना पाठ कर, बाकीचे दोन आजीशी बोलायला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन अशा तीन विषयांची. त्यांतही संज्ञा बहुतेक इंग्रजीच ठेवल्या, लिपी देवनागरी केली. मला ते शहाणपणाचं वाटलं. माझ्या काही मित्रांना पळवाट वाटली. वाद अजून चालू आहे.

स्वादुपिंडाकडे परत येते, कारण ती एकाच घरात दोन दुकानं चालवणारी ग्रंथी आहे. पुढच्या दाराने, म्हणजे नळीने, ती रोज लिटरभर किंवा थोडा जास्त पाचकरस आतड्यात ओतते. मागच्या दाराने इन्शुलिन रक्तात सोडते. सासूबाईंची शुगर म्हणजे मागच्या दुकानाची तक्रार. हॉर्मोन हा शब्दच ह्या ग्रंथीच्या निमित्ताने आला. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या, निरोप जायला मार्ग नाही, तरी स्वादुपिंडाने रस सोडलाच. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या निरोप्यांसाठी ग्रीक धातूवरून हॉर्मोन हा शब्द घेतला. चेतवणारा, हलवून सोडणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या 'संप्रेरका'त तीच प्रेरणा आहे. पुस्तकी मराठी शब्दांना मी फारशी भुलत नाही, पण हा बनवणाऱ्याने विचार करून बनवला आहे.

नळीवाल्या स्रावाचा प्रयोग बघायचा तर लेकीला रात्री सराफ्यात, आपल्या त्या खाऊगल्लीत न्या. गराडूच्या, म्हणजे त्या तळलेल्या कंदाच्या, गरम फोडींवर लिंबू पिळून मसाला भुरभुरतात, तेव्हा घास तोंडात जायच्या आधीच कानाखाली कळ येऊन तोंडाला पाणी सुटतं. ती कानापुढची लाळग्रंथी. तिचा निरोप नसांतून येतो, म्हणून इतका झटपट. दिवसभरात एक ते दीड लिटर लाळ आपण गिळतो.

लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस, आतड्याचा रस असं सगळं मिळून रोज सहा-सात लिटर पाणी शरीर आतड्यात ओततं, आणि जवळजवळ सगळं परत शोषून घेतं. शौचातून जातं ते पावशेराच्याही आत. हे देणं-घेणं बिघडलं की काय होतं ते कॉलऱ्यात दिसतं. जंतू आतडं कुरतडत नाही, त्याचं विष आतड्याच्या पेशींना स्रवत राहायला लावतं, नळ उघडा टाकून जावं तसं. सशाच्या आतड्याचा भाग दोऱ्याने बांधून शंभुनाथ डे ह्यांनी कलकत्त्यात हे दाखवलं, १९५९ साली. लेकीच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे की नाही बघा. असायला हवं.

पित्तापाशी मराठी माणसाने दोन मिनिटं थांबायलाच पाहिजे. आपण 'पित्त झालंय' म्हणतो तेव्हा बोलत असतो जठरातल्या आम्लाविषयी. 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो तेव्हा गांधींविषयी, त्या ॲलर्जीच्या. यकृतात बनणारं हिरवट-पिवळं पित्त ह्या दोन्हींत नाही. मी शिकाऊ डॉक्टर असताना रामबागेतल्या एका काकूंनी माझ्या वरिष्ठांना 'बहुत पित्त हो गया है' सांगितलं आणि त्यांनी पित्ताशयाची तपासणी लिहिली. काकूंना जागरणाची ॲसिडिटी होती. मी मराठी, तिथेच उभी, आणि वरिष्ठांपुढे तोंड उघडायची छाती झाली नाही.

खरं पित्त मजेदार आहे, कारण ते स्रावही आहे आणि उत्सर्जनही. त्यातले क्षार तूप-तेल पचवायला लागतात, म्हणून शरीर ते जपतं. आतड्याच्या शेवटाकडे शंभरातले पंचाण्णव हिस्से परत उचलून यकृताकडे धाडतं. तो स्राव. त्याच पित्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं, म्हाताऱ्या लाल पेशी मोडून उरलेलं. ते टाकायचंच असतं. ते उत्सर्जन. शौचाचा तपकिरी रंग त्यापासून येतो. पित्तनळीत खडा अडकला की रंग पोचत नाही, शौच मातकट पांढरी होते, लघवी चहासारखी, डोळे पिवळे. असं कोणाचं झालं तर घरी काढे करत बसू नका.

आणि शौच स्वतः? तुमची लेक 'उत्सर्जन' म्हणेल आणि मार्क जाईल. त्यातला रंग आणि थोडंफार सोडलं तर बाकीचा चोथा कधी शरीराच्या आत आलाच नव्हता. तो तोंडापासून गुदापर्यंतच्या बोळातून गेला आणि दुसऱ्या टोकाला निघाला. रक्तात शिरला नाही, पेशीत शिरला नाही. त्याला मलविसर्जन म्हणायचं. उत्सर्जनाचा खरा मालक मूत्रपिंड. दिवसाला १८० लिटर गाळतं, त्यातलं दीडेक लिटर सोडतं, बाकी परत घेतं. गंमत म्हणजे ह्या कारखान्यातही एका पायरीला स्रावच म्हणतात. गाळताना रक्तातच राहून गेलेले काही पदार्थ मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्या भिंतीतल्या पेशी पकडून नळीत ढकलतात. पेनिसिलिन असंच भराभर बाहेर जातं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाला ते दिलं तेव्हा औषध इतकं दुर्मिळ होतं की त्याच्या लघवीतून काढून त्यालाच पुन्हा टोचलं. तरी पुरलं नाही, तो गेला.

घामाचं थोडक्यात: त्यातून थोडा युरिया जातो खरा, पण घाम शरीर थंड करायला आहे. म्हणून स्राव.

पेशीतून माल सुटतो कसा, हे लेक विचारेलच. पेशीत तो बारीक पिशव्यांत भरला जातो, पिशवी कडेला जाऊन पडद्याला चिकटते, तोंड उघडतं, माल बाहेर, पिशवीचं कातडं पडद्यात मुरून जातं. पेशीला ओरखडा नाही. लाळ, घाम, इन्शुलिन, सगळे असेच. प्रथिनं पेशीत कुठे बनतात, कुठून कुठे जातात आणि बाहेर कशी पडतात, तो सगळा रस्ता जॉर्ज पॅलाडे ह्यांनी उलगडला. १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कातडीवरच्या तेलाची तऱ्हा अगदी उलटी. तिथली पेशी तेलाने गच्च भरते आणि स्वतःच फुटते, पेशीचाच स्राव होतो. लेकीच्या नाकावर मुरूम असेल तर तिला ते उदाहरण आरशातच सापडेल.

राहिला डिस्चार्ज. हा इस्पितळातला सर्वात गोंधळाचा शब्द. वॉर्डात नर्स सांगते, 'डिस्चार्ज कम होगा तो डिस्चार्ज मिलेगा', आणि नातेवाईक बघतच राहतात. पहिला जखमेतून येणारा, दुसरा घरी सोडण्याचा. हा शब्द फक्त 'बाहेर येतंय' एवढंच सांगतो. काय येतंय, ते पुढच्या शब्दात असतं. कागदावर सीरस लिहिलं असेल तर आपण ज्याला लस येणं म्हणतो ते, पातळ, पिवळसर, बहुतेकदा भिण्याचं कारण नाही. सीरोसँग्विनस म्हणजे त्यात रक्त मिसळून गुलाबी झालेली लस. प्युरुलंट म्हणजे पू, तो आला की फोन करायचा. ही लस आणि टोचायची लस शब्दाने एकच बरं का. पूर्वी फोडातली लसच काढून दुसऱ्याला टोचत, तोच शब्द सुईबरोबर पुढे आला.

एका शब्दाचा मला फार अभिमान आहे, तो सांगून डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीकडे वळते. स्तनात दूध बनणं ही एक क्रिया, तिचं संप्रेरक प्रोलॅक्टिन. बनलेलं दूध सुटणं ही दुसरी, तिचं ऑक्सिटोसिन. बाळ रडलं की आईच्या अंगाला जाणीव होते आणि दूध धावतं. ह्या सुटण्याला मराठीत स्वतःचा शब्द आहे, पान्हा. आणि गाय दूध भरलेलं असून, अनोळखी हात लागला म्हणून, देत नाही, त्यालाही आहे: पान्हा चोरते. घाबरलेल्या शरीरात ऑक्सिटोसिन दबतं, हे शास्त्राने पुढे सांगितलं. गोठ्यात ते माहीत होतं. तुमच्या सासूबाईंनी न्हाणीघरात चालवलेली चोरी जवळपास ह्याच जातीची. परका हात नसेल तिथे त्या बोलतील.

बोलल्या नाहीत तरी चालावं म्हणून ही चिठ्ठी. हिंदीतच लिहा, आत गेल्याबरोबर डॉक्टरांच्या हातात द्या:

'उम्र ७२. माहवारी बंद हुए इतने साल. तीन महीने से योनि से पानी आता है, रंग ऐसा, दिन में इतनी बार कपड़ा बदलना पड़ता है. खून या भूरा दाग: हाँ / नहीं, कितनी बार. बदबू, खुजली, जलन: हाँ / नहीं. खाँसने पर पेशाब छूटता है: हाँ / नहीं. शुगर की गोली आठ साल से. थायरॉइड जाँच नॉर्मल. यह बात बेटे के सामने न पूछें.'

मोठा शब्द एकही नाही, मुद्दामच. लिहून झाली की आधी सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना एखादी ओळ खोडावीशी वाटली तर खोडू द्या, रंगाची आणि डागाची सोडून.